फिरत्या घराला चांदवा हवा का?

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो. पुढे आमच्या घरात जो खल झाला, जे हिशेब मांडले गेले, बीगरांनी आपल्या अस्सल धारवाडी कन्नडमध्ये मला जे ऐकवलं, त्या सगळ्याचं मूळ माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आहे. त्या अंगठ्याने मी एक बटण दाबलं. ते दाबायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

सप्टेंबर 2024 मधली गोष्ट. अमेरिकेत ऑरेगन राज्यात, पोर्टलँडजवळ आमचा मुलगा राहतो. त्याच्याकडचा आमचा मुक्काम संपत आला होता. आपल्याकडच्या अनेक घरांत हल्ली अशी पाळी ठरलेली असते. उन्हाळ्यात मुलाचे आईवडील, हिवाळ्यात सुनेचे. आम्ही बेळगावचे, सूनबाई धारवाडची. आम्ही निघायचं आणि बीगरांनी पोहोचायचं. मध्ये फार तर एक आठवडा दोन्ही विहिणी एका स्वयंपाकघरात. (तो आठवडा हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) जाण्याआधी एकदा समुद्र दाखवून आणतो म्हणून मुलाने आपला ट्रेलर काढला आणि आम्ही सहा जण फोर्ट स्टीव्हन्सला गेलो.

कोलंबिया नदी जिथे पॅसिफिक महासागराला मिळते तिथलं हे ठिकाण. 1906 साली वाळूत रुतलेल्या 'पीटर आयरडेल' या जहाजाचा गंजलेला सांगाडा किनाऱ्यावर अजून उभा आहे. जून 1942 मध्ये जपानी पाणबुडीने इथल्या किल्ल्यावर तोफा डागल्या होत्या. नातवंडांना जहाजात रस, मला तोफांच्या जागेत. आमच्या सौ.ना कशातच नाही. त्या म्हणाल्या, "एवढी झाडं आणि एकालाही पेरू नाही!"

झाडं मात्र खरोखरच अफाट. आकाशाला टेकलेली, सुईसारख्या पानांची. त्या सुया दिवसरात्र गळत असतात. शनिवारी रात्री पाऊस आला. आपल्या मिरगासारखा धो धो नव्हे, नुसती रिपरिप, पण रात्रभर. रविवारी सकाळी निघायची तयारी. मुलगा बाहेर पाण्याचा पाइप आणि विजेची वायर गुंडाळत होता. सूनबाई मुलांना उप्पीट भरवत होती. मला वाटलं, आपणही हातभार लावावा. भिंतीवर बटण होतं, ते मी चार दिवस पाहून ठेवलं होतं. दाबलं. मोटर घुरघुरली आणि बाहेर सरकलेली खोली आत येऊ लागली. तिच्याबरोबर तिच्या छपरावर साचलेलं काळं पाणी आलं, मूठमूठ सुया आल्या, एक काटकी आली आणि हे सगळं सोफ्यावर पसरलेल्या धाकट्या नातवाच्या अंथरुणावर पडलं. मग 'चर्रर्र' असा आवाज झाला. मी घाबरून अंगठा काढला, पण तोवर वरची रबराची पट्टी दोन-तीन फूट फाटली होती.

धाकटा म्हणाला, "आबा, आत पाऊस पडला!"

भिंतीतून निघणारी खोली

वाचकांपैकी ज्यांनी ही चीज पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. तिकडे आरव्ही म्हणतात ते चाकांवरचं घर. काहींना स्वतःचं इंजिन असतं, काही पिकअप गाडीला जोडून ओढून न्यायची असतात. आमच्या मुलाची दुसऱ्या प्रकारची, अठ्ठावीस फुटी. आत चूल, फ्रीज, संडास-बाथरूम, मुलांसाठी एकावर एक दोन पलंग. माझी आजी सौंदत्तीला यल्लम्माच्या यात्रेला तट्ट्या घातलेल्या बैलगाडीतून जायची, वाटेत तीन दगडांची चूल मांडायची, गाडीतच झोपायची. मी सूनबाईला म्हटलं, ही आरव्ही आम्ही तुमच्याआधी चालवलीय. ती म्हणाली, "आमचीही आज्जी जायची की मामा, त्याच डोंगराला." कदाचित एकाच वाटेवर दोन्ही गाड्या पुढेमागे गेल्या असतील.

अमेरिकेत रस्त्यावर साडेआठ फुटांपेक्षा रुंद वाहन खास परवानगीशिवाय नेता येत नाही. साडेआठ फुटांत भिंतींची जाडी वजा केली की आत राहतं ते आपल्या जुन्या वाड्याच्या बोळाएवढं. म्हणून 1990 च्या सुमारास तिथल्या कारखानदारांनी एक युक्ती आणली. टेबलाला जसा खण असतो तसा भिंतीचा एक मोठा भाग, सोफा, जेवणाचं टेबल, कपाट यांच्यासकट, मुक्कामाला पोहोचल्यावर बाहेर सरकवायचा. याला स्लाइड-आउट म्हणतात. बटण दाबलं की तीन फूट जागा वाढते. त्या तीन फुटांत काय सुख आहे ते पावसाळी दिवशी दोन मुलं आणि चार मोठी माणसं आत कोंडली गेल्यावर कळतं.

पण खण म्हटला की फट आली. बाहेर सरकलेल्या खोलीला स्वतःचं सपाट छप्पर असतं आणि त्या छपराला बहुधा उतार नसतो. फटीवर दोन तऱ्हेची रबरी पट्टी. एक फुगीर, दार लागल्यावर दाबली जाते तशी. दुसरी गाडीच्या वायपरसारखी, छपरावरून पाणी पुसून घेणारी. मी फाडली ती ही दुसरी. ती पाणी पुसते हे खरं, पण सुया, काटक्या आणि ओला गाळ पुसायला ती केलेली नाही. म्हणून तिकडचे जाणते लोक खोली आत घेण्याआधी शिडीवर चढून छप्पर झाडतात. माझा मुलगाही झाडतो. त्या दिवशी तो झाडणारच होता.

खडे बाजारचं शटर

आरडाओरड ऐकून शेजारच्या जागेवरचे एक वृद्ध गृहस्थ आपली शिडी घेऊन आले. त्यांनी घर विकून गाडीतच राहायला सुरुवात करून बरीच वर्षं झाली होती. अशांना तिकडे फुल-टायमर म्हणतात. त्यांच्या गाडीला चार स्लाइड होत्या आणि चारही स्लाइडच्या डोक्यावर कापड ताणलेलं होतं. "तुमच्याकडे टॉपर नाहीत?" त्यांनी मुलाला विचारलं. त्या शब्दाने आमच्या घरात प्रवेश केला तो तिथे.

स्लाइड टॉपर म्हणजे सरकत्या खोलीवरचा चांदवा. तो कसा चालतो हे पाहून मला फार गंमत वाटली, कारण मी चौतीस वर्षं उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये काढली आहेत आणि हा प्रकार मला परका नव्हता. खडे बाजारात दुकानाचं रोलिंग शटर असतं ना, त्याच्या वरच्या नळीत स्प्रिंग असते. शटर खाली ओढलं की स्प्रिंग आवळते, सोडलं की तीच शटर वर ओढायला मदत करते. इथेही तेच. कापडाची एक कड गाडीच्या मुख्य भिंतीला पक्की. दुसरी कड एका नळीवर गुंडाळलेली आणि ती नळी सरकत्या खोलीच्या बाहेरच्या टोकाला बसवलेली. खोली बाहेर गेली की कापड आपोआप उलगडतं, आत आली की स्प्रिंग ते आपोआप गुंडाळते. मोटर नाही, बटण नाही. केअरफ्री ऑफ कोलोरॅडो, डोमेटिक, लिपर्ट अशा कंपन्या हे सामान बनवतात. कापड दोन जातीचं मिळतं. व्हिनाइल, म्हणजे आपली ताडपत्रीसारखं, पाणी अजिबात न झिरपणारं. आणि अॅक्रिलिक, छत्रीच्या कापडासारखं, दिसायला छान, पण पाणी तुंबलं तर हळूहळू पाझरणारं.

त्या गृहस्थांच्या छपरावर एकही सुई नव्हती. कापडावर होत्या, त्या खोली आत घेताना गुंडाळीबरोबर पुढे ढकलल्या जाऊन बाहेरच पडत होत्या. मी तिथेच ठरवून टाकलं: आपण मुलाला हे बसवून द्यायचं. पैसे आपले.

घरी पोहोचल्यावर मुलाने दुरुस्तीच्या एका दुकानातून अंदाज घेतला. आमच्या ट्रेलरला दोन स्लाइड. मोठी बारा फुटांची, सोफ्याची. छोटी झोपण्याच्या खोलीतल्या कपाटाची. दोन्ही टॉपर, मजुरीसकट, बाराशे डॉलर. तेव्हाच्या दराने एक लाख रुपये. आमच्या सौ. म्हणाल्या, "लाखाची ताडपत्री? आपल्या घराची अख्खी शाकारणी होते एवढ्यात." मी म्हटलं, नुकसान माझ्या हातून झालंय. मुलगा म्हणाला, "पप्पा, तुम्ही पैसे द्यायचे नाहीत. पट्टी फाटली, ती मी बदलतो. टॉपरचं नंतर बघू." मी आवाज चढवला. तोही गप्प झाला. दोन दिवस आम्ही बापलेक फक्त हवामानावर बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी सूनबाई चहा घेऊन आली आणि बेळगावी मराठीत शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्हाला चांदवा पाहिजे का माफी पाहिजे? माफी असली तर ती त्याच दिवशी झालीय. चांदव्याचा हिशेब वेगळा करूया."

मी काय बोलणार? पण डोकं थाऱ्यावर आलं.

बीगरांचं म्हणणं

त्याच आठवड्यात बीगर आले. पाटबंधारे खात्यात हयात गेलेला माणूस. पाण्याबद्दल त्यांच्यासमोर कुणी घाईने बोलू नये. सगळं ऐकून घेतलं, ट्रेलर जिथे भाड्याच्या मोकळ्या जागेत उभा असतो तिथे गेले, गुडघ्यावर बसून स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात अंगठा दाबला. (त्यांचा अंगठा माझ्यापेक्षा उपयोगी निघाला.) लाकूड मऊ लागलं. दुकानदाराने टोच्या घालून पाहिलं तर कोपऱ्याची फळी आतून कुजलेली. हे एका सकाळचं काम नव्हे, निदान दोन वर्षं पाणी थेंबथेंब जात असणार, असं त्याचं मत पडलं. पट्टीचा कोपरा आधीच उठलेला होता.

खरं सांगतो, मला आधी बरं वाटलं. म्हणजे सगळा दोष माझा नव्हता! मग मुलाचा चेहरा पाहिला. हा ट्रेलर त्यांनी 2021 मध्ये घेतला होता, कोरोनाने विमानं बंद असताना. तेव्हा अर्धी अमेरिका हेच करत होती. त्या वर्षी कारखान्यांतून सहा लाख आरव्ही बाहेर पडल्या, आजवर इतक्या कधी नाहीत. 2023 पर्यंत तो आकडा निम्म्यावर आला. जुन्या गाड्यांचे भाव उतरले. त्यात जमीन कुजलेली असेल तर ती गाडी कोण घेणार? फळी आणि दोन्ही तऱ्हेच्या पट्ट्या बदलायला अकराशे डॉलर लागणार होते. म्हणजे प्रश्न नुसता चांदव्याचा राहिला नव्हता. गाडीत आणखी पैसे घालायचे की मिळेल त्या भावात काढून टाकायची, इथवर आला होता.

मी तरी टॉपरचाच हेका धरून होतो. चांदवा असता तर हे झालंच नसतं, असं माझं म्हणणं. बीगर हसले आणि म्हणाले, "मोदल तूत मुच्चरी बीगर, आमेल छत्री हिडीरी." आधी भोक बुजवा, मग छत्री धरा. आपल्या वाचकांना याचं भाषांतर नको, पण ते म्हणाले ते शंभर टक्के बरोबर होतं आणि हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा मला सुचला नव्हता. टॉपर हा गळतीवरचा इलाज नव्हे. तो कचरा अडवतो, ऊन अडवतो, त्यामुळे रबर जास्त टिकतं, साचलेलं पाणी बरंचसं बाहेर ठेवतो. पण पट्टी फाटलेली असेल तर वाऱ्याबरोबर तिरका आलेला पाऊस कापडाखालून शिरतोच. आपल्याकडे पश्चिमेच्या भिंतीला झड लागते, तिला वरची कौलं काय करणार? तिथे वेगळी झडप बांधावी लागते.

मग बीगरांनी कागद घेतला. बारा फूट बाय तीन फूट, छत्तीस चौरस फूट. एक इंच पाऊस पडला तर एवढ्या जागेवर पंच्याऐंशी लिटर पाणी पडतं. कापडाला उतार थोडा, त्यामुळे त्यातलं काही मध्ये झोळ पडून साचणार. वीस लिटर साचलं तरी वीस किलो. "हे वजन त्या स्प्रिंगवर," ते म्हणाले, "आणि खोली आत घेताना हे पाणी जाणार कुठे?" मला शेजारच्या गृहस्थांची आणखी एक गोष्ट आठवली. त्यांनी एका टॉपरच्या खाली मुलांचा फुगवलेला समुद्रावरचा चेंडू सारून ठेवला होता. मी त्यांना विचारलंही नव्हतं, वाटलं नातवंडांचा अडकला असेल. तो झोळ पडू नये म्हणून मुद्दाम ठेवलेला चेंडू होता! कापड मध्ये उचललं जातं आणि पाणी दोन्ही बाजूंनी ओघळतं. फक्त खोली आत घेण्याआधी तो काढायची आठवण हवी. (माझ्या हाती बटण असेल तर चेंडूचं काही खरं नाही.) दुसरा उपाय म्हणजे ट्रेलर उभा करताना त्या बाजूला किंचित कलता ठेवायचा. किंवा जोराच्या पावसात खोली एकदा थोडी आत घेऊन पुन्हा बाहेर काढायची.

वाऱ्याचं दुखणं वेगळं. कापड फडफडतं. रात्री डोक्यावर गणपतीच्या मांडवाची कनात सुटल्यासारखा आवाज येतो म्हणे. जोराच्या वाऱ्यात ते गृहस्थ मध्यरात्री उठून चारही खोल्या आत घेतात, नाहीतर कापड फाटतं. त्यांनी कापड दोनदा बदललं होतं. कापडाआधी शिवणीचा दोरा उन्हाने मरतो, असं ते म्हणाले, आणि हे आपल्या मांडववाल्यांनाही ठाऊक आहे. हमरस्त्यावर गाडी धावताना स्प्रिंग सैल असेल तर गुंडाळी सुटून कापड शिडासारखं फुगतं. त्यासाठी वेगळी खिट्टी मिळते.

घरी बसवायचं का?

मुलाच्या मनात होतं की नुसतं सामान आणून आपणच बसवावं. साइजप्रमाणे एकेक टॉपर दोनशेपासून पाचशे डॉलरपर्यंत मिळतो, मजुरी वाचते. इथे मात्र मी ठाम नाही म्हटलं, आणि यावेळी माझं ऐकलं गेलं. ती स्प्रिंग हाताने ठराविक वेढे आवळून, मध्ये पिन घालून अडकवावी लागते. पिन निसटली तर नळीचं टोक गरागरा फिरतं. शटरची स्प्रिंग सुटून माणसाच्या मनगटाचं काय होतं ते मी उद्यमबागेत पाहिलंय. त्यात हे शिडीवर उभं राहून, दोघांनी दोन टोकांना. शिवाय भिंतीला नव्याने भोकं पाडायची, स्क्रू मारायचे, प्रत्येक भोकाला चिकट पट्टी आणि सीलंट. ज्या गाडीत आधीच पाणी शिरतंय तिला आणखी दहा-बारा भोकं आपल्या हाताने पाडायची असतील तर ती ज्याचा रोजचा धंदा आहे त्याने पाडावीत. काही गाड्यांना कारखान्यातूनच टॉपरसाठी खाच ठेवलेली असते, मग भोकं कमी लागतात. आमच्या मोठ्या स्लाइडला ती होती, छोटीला नव्हती. हे दुकानदाराने दाखवलं आणि अर्धा निकाल तिथेच लागला.

उरलेला अर्धा निकाल लावला सूनबाईने, कालनिर्णयवर. त्यांच्या स्वयंपाकघरात दोन कालनिर्णय असतात. मराठी आम्ही नेतो, कन्नड बीगर आणतात. तिथी एकच, सणांची नावं वेगळी. कन्नड कालनिर्णयवर ती दुधाचा हिशेब लिहीत नाही (तिकडे दूध प्लास्टिकच्या कॅनमधून येतं), ट्रेलरच्या सहली लिहिते. तिने दोन वर्षांचे जुने महिने काढून रात्री मोजल्या. वर्षाला सव्वीस. त्यातल्या एकोणीस झाडांखाली, चार उघड्या समुद्रकाठी, तीन पूर्वेकडच्या कोरड्या भागात.

मोजल्यावर चित्र बदललं. ट्रेलर उभा असतो तेव्हा खोल्या आत असतात, कापड गुंडाळलेलं असतं, म्हणजे बाकीचे तीनशे चाळीस दिवस चांदवा काही कामाचा नाही. त्या शेजारच्या गृहस्थांना तो रोज लागतो. जे लोक अॅरिझोनाच्या वाळवंटात हिवाळा काढतात त्यांना पानगळ नाही, त्यांनी केवळ उन्हासाठी घ्यावा की नाही हा त्यांचा प्रश्न. आमच्या मंडळींचा मुक्काम मात्र चारांत तीन रात्री सुया गळणाऱ्या झाडांखाली. आणि प्रत्येक वेळी ओल्या शिडीवरून, दहा-अकरा फूट उंचीवर, झाडू घेऊन चढणार तो आमचा एकुलता एक मुलगा. हा हिशेब कुणी डॉलरमध्ये मांडला नव्हता. विहीणबाईंनी मांडला. त्या एरवी या चर्चेत नव्हत्या, भाकरी थापत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "जावई बिद्दर?" जावई पडले तर?

बीगरांनी पुढे एक अक्षर काढलं नाही.

ठरलं ते असं. गाडी ठेवायची. मुलं शाळकरी आहेत तोवर ही मजा, नंतर ती आपल्याबरोबर येणार नाहीत, असं मुलगाच म्हणाला. आधी फळी आणि पट्ट्या. ते काम ऑक्टोबरमध्ये, मुलाच्या पैशांनी. मग फक्त मोठ्या स्लाइडला व्हिनाइलचा एक टॉपर, दुकानातून बसवलेला. छोटीला काही नाही. ती दीड फूटच बाहेर येते, खालून लांब दांड्याच्या मऊ ब्रशने झाडता येते. टॉपरचे सहाशे ऐंशी डॉलर झाले. निम्मे मी दिले, निम्मे बीगरांनी, आणि यात मुलाला बोलू दिलं नाही. ब्याड ब्याड म्हणणाऱ्या माणसाने निम्मे का दिले, ते मी विचारलं नाही. शिडी धरायला मीही तिथे नसणार आणि मार्चनंतर तेही.

चांदवा लागला की झाडायचं संपलं, असंही नाही म्हणा. कापड आणि छप्पर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी फट राहते, वाऱ्याने पानं तिथे शिरतात. वर्षातून एकदोनदा कापडाखाली हात घालून साफ करावंच लागतं. रबराला त्याचं औषध लावावं लागतं. कापड ओलं गुंडाळलं तर घरी आल्यावर उलगडून वाळवायचं, नाहीतर बुरशी. छत्री ओली मिटून कोपऱ्यात ठेवली की काय वास येतो, ते बेळगावकरांना काय सांगायचं!

आम्ही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात परतलो. नोव्हेंबरात एका रविवारी मुलाने व्हिडिओ पाठवला. कुठल्याशा जंगलातला मुक्काम, रात्रभर पाऊस, निघायची वेळ. नवा चांदवा मध्ये चांगलाच झोळ धरून बसलेला. बीगर बाहेर उभे, कानटोपी, स्वेटर, हातात मिटलेली छत्री, वर बघत नातवाला पाण्याचा उतार समजावून सांगताहेत. आतून सूनबाईचा आवाज येतो, "अप्पा, सरीरी!" बाजूला व्हा. बीगर हात वर करून थांब म्हणतात, त्यांचं वाक्य पुरं व्हायचं असतं. मोटर घुरघुरते. कापड गुंडाळायला लागतं, झोळ पुढे पुढे सरकतो आणि एका क्षणात सगळं पाणी, सुयांसकट, बाहेर पडतं.

आत एक थेंब आला नाही. मी तो व्हिडिओ आमच्या सौ.ना तीनदा दाखवला. मग बीगरांना फोन केला आणि विचारलं, छत्री कधी धरायची म्हणाला होतात?